स्वप्नालीचं अर्धं वाक्य

३ मार्च, सोमवार. देवास

आले एकदाची. तीन बॅगा, आईच्या गवती चहाची कुंडी आणि मी. कुंडी नाशिकपासून मांडीवर धरून आणली. अर्धी माती डब्यात सांडली, पण पाती अजून ताठ आहेत.

भैयासाहेब स्वतः स्टेशनवर आले होते. आमच्या संस्थेचे ते विश्वस्त आणि माझे घरमालकही. वय बहात्तर, मिशी पांढरीशुभ्र, बूट चकचकीत. मला त्यांनी “आपला प्रवास निर्विघ्न पार पडला ना?” असं विचारलं आणि त्याच दमात रिक्षावाल्याकडे वळून म्हणाले, “उतार ना भिया सामान, खड़ा क्या है, आरती उतारूँ तेरी?” मला हसू आवरेना. ते म्हणाले, इथल्या घरांतलं मराठी सणाला काढायचं, एरवी हिंदीवर भागतं. त्यांची नातवंडं मराठीत फक्त आरती म्हणतात आणि बोलणी खातात. म्हणून तर संस्थेला मराठी बोलणारी समुपदेशक हवी होती.

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या माझ्या. खिडकीतून देवीची टेकडी दिसते, संध्याकाळी पायऱ्यांवरचे दिवे लागतात. अठरा वर्षं एकाच शाळेतल्या मुलांशी बोलण्यात गेली. आई गेल्यावर घर नको इतकं शांत झालं होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी नवं गाव. भीती नाही वाटत, मजा वाटते आहे.

६ मार्च, गुरुवार

दर गुरुवारी धारला जायचं. तिथं संस्थेची एक खोली आहे, किल्ल्याच्या रस्त्यावर. इंदूरला बस बदलावी लागते. आज दोन आजोबा आले, दोघांचीही तक्रार एकच, सून बोलत नाही. दोघं शेजारी शेजारी बाकावर बसून माझ्याआधी एकमेकांशीच तासभर बोलले आणि हलके होऊन निघून गेले. मला काही करावंच लागलं नाही.

देवासचं केंद्र मी मनासारखं लावून घेतलं आहे. दोन वेताच्या खुर्च्या, समोरासमोर नाही, जराशा तिरक्या. बोलणाऱ्याला वाटलं तर खिडकीकडे बघता यावं. घड्याळ त्याच्या पाठीमागे, म्हणजे वेळ मला दिसतो, त्याला नाही. नाशिकच्या आमच्या बाई शिकवताना सांगायच्या, समोरचा अडला की तुम्ही थांबा. त्याचं वाक्य त्याला पुरं करू द्या. अर्धं काम गप्प बसण्यात आहे. माझ्याबद्दल त्यांचा एकच शेरा असायचा, की मला शांतता सहन होत नाही.

११ मार्च, मंगळवार

आज स्वप्नाली आली. चोवीस वर्षांची, कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. हेल्मेट मांडीवर घेऊन बसली आणि तासभर ते सोडलं नाही.

आई ती चार वर्षांची असताना गेली. तिला आणि थोरल्या भावाला, यशराजला, आत्यानं वाढवलं. आत्याला सगळं गाव अक्का म्हणायचं. अक्कानं लग्न केलं नाही. गेल्या महिन्यात अक्का बटाट्याचा कीस वाळत घालायला परात घेऊन गच्चीवर निघाली होती. घराबाहेरून जिना आहे, एका बाजूला कठडाच नाही. वरच्या पायरीवरून ती खाली पडली आणि जागीच गेली. स्वप्नाली तेव्हापासून रडलेली नाही.

हिंदीत बोलायचं की मराठीत, मी विचारलं. ती म्हणाली, मराठीत. लहानपणी ती हिंदीत रडायला लागली की अक्का म्हणायची, रडायचं तर मराठीत रड, मला कळू दे. त्यामुळे हिंदीत तिला रडताच येत नाही.

पण शाळा, कॉलेज, मित्रमैत्रिणी सगळं हिंदी. मराठी दर चार शब्दांनी अडतं. छातीवर हात ठेवून ती म्हणाली, “इथे काहीतरी… क्या बोलते हैं…” मी हळूच म्हटलं, गोठलंय? तिचा चेहरा उजळला. “हां! गोठलंय. वही.” इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटलं.

१८ मार्च, मंगळवार

स्वप्नाली मी दिलेले शब्द मोबाइलमध्ये उतरवून घेते. पोरकं, कासावीस, ओशाळं. मागच्या मंगळवारचे शब्द आज वापरून बोलते आणि बरोबर आलं का म्हणून माझ्याकडे पाहते. मी मान डोलावते. आज डोळ्यांत पाणीही आलं. फाइलमध्ये लिहिलं, “प्रगती समाधानकारक.”

घरी आल्यावर मात्र बाबांची आठवण झाली. बाबा बोलताना अडखळायचे. दुकानात, बँकेत, पाहुण्यांत त्यांचे शब्द मी पुरे करायचे, सहा वर्षांची असल्यापासून. सगळे कौतुक करायचे, बापाची जीभ आहे पोरगी. शेवटच्या आजारात एकदा बाबा मला काहीतरी सांगत होते. मी म्हटलं, पाणी? उशी? डॉक्टर? त्यांनी डोळे मिटून घेतले. काय सांगायचं होतं ते मला कधीच कळलं नाही.

२५ मार्च, मंगळवार

आज ती जिन्यापाशी पोचली.

साडेचारची वेळ. तिनं पहिल्यांदाच हेल्मेट खाली ठेवलं. म्हणाली, अक्का पायरीवर होती. हातात परात होती. “आणि मी तिला…”

इथं ती थांबली. उजवा हात वर झाला, तळवा समोर, बोटं ताठ. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. घड्याळात मी पाहिलं, अर्धा मिनिट. पाऊण मिनिट. मला बाई आठवल्या. मला थांबायचं होतं. पण तो हात तसाच हवेत होता आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. माझ्या मनात आलं, हे ओझं ती एकटी किती दिवस वाहणार? मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, ढकललंस?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हाताकडे. मग म्हणाली, “हो.”

मी तिचं कौतुक केलं. म्हटलं, हे उच्चारायला फार धैर्य लागतं. यातून पळवाट काढू नकोस, याच्याकडे बघ. ती ओक्साबोक्शी रडली, मराठीत, “अगं अक्का, अक्का गं,” करत. इतके दिवस गोठलेलं वाहिलं. परतताना मी कचोरी घेतली आणि गच्चीत उभी राहून खाल्ली. मी चांगली समुपदेशक आहे, असं वाटलं. लिहून ठेवते, कारण असं मला क्वचित वाटतं.

१ एप्रिल, मंगळवार

चैत्री नवरात्रामुळे टेकडीकडचे रस्ते भरलेत, तरी स्वप्नाली वेळेवर आली. आता ती अडखळत नाही. सगळं सलग सांगते. कशावरून तरी राग आला होता, अक्का पाठमोरी होती, पाठीला तळवा लागला. तिचं मराठी सुंदर झालं आहे. ऐकता ऐकता मला जाणवलं, की बोलण्याची लय माझी आहे. “कुठेतरी आत” हे माझं. “स्वतःशी प्रामाणिक राहून” हेही माझं. खुर्चीतही ती माझ्यासारखीच बसते, एक पाय मागे दुमडून.

१० एप्रिल, गुरुवार. धारहून परतताना, बसमध्ये

घरी पोचेपर्यंत थांबवत नाही, बसमध्येच लिहिते आहे.

आज धारच्या खोलीवर यशराज आला. तो इथंच नोकरी करतो. उभ्यानंच बोलला. स्वप्नालीनं घरी सगळ्यांना सांगितलं आहे, की अक्काला मीच मारलं. मुलांच्या परीक्षा शनिवारी एकोणीस तारखेला संपतात. एकवीसला, सोमवारी, ती पोलीस ठाण्यात जाऊन हे लिहून देणार आहे. मी बसायला सांगितलं, तर म्हणाला, “बैठने नहीं आया, मॅडम. आपने ये क्या बिठा दिया उसके दिमाग में?”

अक्का पडली त्या दिवशी तो स्वप्नालीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. ती फाटकापाशी उभी होती, जिन्यापासून वीस पावलांवर. अक्कानं हाक मारली, परात धरायला ये गं. स्वप्नालीनं फोनवरून नजर न काढता हात वर केला, तळवा समोर. थांब, आले. अक्का थांबली नाही. नेहमीसारखी अनवाणी, एकटीच चढली. आवाज त्यानंही फोनमधून ऐकला. कॉलची वेळ त्यानं मला मोबाइलमध्ये दाखवली.

तिला एवढंच म्हणायचं होतं. मी तिला थांब म्हटलं. केवढं साधं दुःख होतं, आणि तिचं स्वतःचं. ते तिच्या ओठांवर आलं होतं. मी ते ऐकून घेतलं नाही. त्या जागी एक खून ठेवला.

जाताना दारातून वळून यशराज म्हणाला, “मॅडम, हमारी अक्का भी सुनती थी। चुप रहके।”

१५ एप्रिल, मंगळवार

सगळं सांगितलं तिला. चूक माझी होती, तो शब्द माझा होता, तू फाटकापाशी होतीस. ती शांतपणे ऐकत होती, मी ऐकते तशी मान किंचित कलती ठेवून. मग म्हणाली, “अपूर्वाताई, ही पळवाट आहे. कुठेतरी आत तुम्हालाही ते माहीत आहे.”

मग तिनं पुन्हा सुरुवात केली, अक्का पायरीवर होती, हातात परात होती, आणि तिथंच थांबली. हात वर, तळवा समोर. बघत राहिली माझ्याकडे. वाट बघत.

मी दात आवळून गप्प बसले. तेव्हा माझ्याच तळव्याला काहीतरी लागलं. सुती, घामानं ओलसर, त्याखाली पाठीचं हाड.

१६ एप्रिल, बुधवार

चार वाजता कुणाचीच वेळ नव्हती. मी स्वप्नालीची फाइल काढून बसले होते. समोरची वेताची खुर्ची करकरली. कुणी बसताना करकरते तशी.

कच्च्या बटाट्याचा, ओल्या पिठुळ पाण्याचा वास.

पंख्याचा आवाज असेल असं वाटलं. पण तो पंखा नव्हता. वयस्कर बाईचा आवाज, भैयासाहेब बोलतात तसलं जुनं, सावकाश मराठी. म्हणाली, आपणांस वेळ असेल तर बसते. मी दुसरीकडे पाहत होते. मग नजर खाली गेली आणि पाय दिसले. अनवाणी, टाचा भेगाळलेल्या, बोटांवर वाळलेला किसाचा पांढुरका ओघळ.

ती म्हणाली, त्या दिवशी मी जिना चढत होते, माझ्या पायात… आणि थांबली. वाट पाहू लागली.

माझ्या तोंडून निघून गेलं. सवय. चप्पल, मी म्हटलं.

पायांत चपला होत्या. निळ्या पट्ट्याच्या. ओल्या.

१७ एप्रिल, गुरुवार

धारला गेलेच नाही. यशराजला फोन केला. अक्का चपला घालून चढली होती का? तो म्हणाला, हो ना, निळ्या पट्ट्याच्या, एक तर नवव्या पायरीवर तशीच सापडली. मी म्हटलं, तुम्ही अनवाणी म्हणाला होतात. तो गोंधळला. छे, पहिल्यापासून सगळ्यांना हेच सांगतोय.

मग विचारलं, आणि स्वप्नाली फाटकापाशी होती ना? तो आठवून पाहू लागला. म्हणाला, “शायद… अंदर थी. जिन्याजवळ असेल. मला आता नीट आठवत नाही, मॅडम.”

मी देते तो शब्द खरा होतो आहे. पंचवीस मार्चला दिलेला शब्द सावकाश मुरत गेला. आता तो यशराजपर्यंत पोचला.

नाशिकला बाईंना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या तू थकली आहेस, परत ये. पण इथून मी उठून गेले तर त्या मुलीचं—

१८ एप्रिल, शुक्रवार

चार वाजता. वास. खुर्ची.

आज ती माझ्याकडे वळून बसली होती. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, मला त्या जिन्यात—

थांबली. पुन्हा म्हणाली. मला त्या जिन्यात ढकललं, बाई. मला ढकललं ते…

आणि गप्प.

नाव हवं आहे तिला. खून झालेला आहे, तो मीच दिला. आता कुणी केला तेवढंच उरलं. तिच्या डोळ्यांत राग नाही. नुसती उत्सुकता, शब्द विसरलेल्या माणसाची. बाबांच्या डोळ्यांत असायची तशी.

“कुणी नाही” म्हणून पाहिलं. नकारार्थी मान हलवली तिनं. “तोल गेला” म्हटलं. तरी हललीच नाही. दिलेला शब्द मागे घेता येत नाही. पाच वाजेपर्यंत मी तोंडावर हात दाबून बसले. जिभेवर एकच नाव येत होतं, फाइलवर लिहिलेलं. ते मी दिलं असतं तर—

१९ एप्रिल, शनिवार

स्वप्नालीचा फोन. परीक्षा संपल्या. सोमवारी अकरा वाजता ठाण्यात जाते आहे, यशराज सोबत येणार आहे. तो आता अडवत नाही. तिनं माझे आभार मानले. तुम्ही नसता तर मला हे कधीच सापडलं नसतं, म्हणाली.

भैयासाहेबांनी जेवायला बोलावलं होतं. आपली प्रकृती बरी दिसत नाही, म्हणाले. मी काहीतरी बोलायला गेले. शब्दच—

ते वाट बघत राहिले. थोर माणूस. त्यांनी पुरवला नाही.

२० एप्रिल, रविवार

दिवसभर विचार केला. तिला नाव हवं. स्वप्नालीचं देणार नाही. दुसऱ्या कुणाचं देता येईल का, असंही मनात आलं. ज्याला कुणी ओळखत नाही असं, मनानं रचलेलं. पण कुठेतरी त्या नावाचा माणूस असेलच. सकाळी उठेल आणि त्याला आठवेल.

एकच नाव देण्याचा हक्क आहे मला.

आणि ते अगदीच खोटंही नाही.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळ, केंद्रात

नऊला उघडलं. खुर्ची ओढून दिली. म्हटलं, या अक्का, बसा.

आली.

मला ढकललं ते… म्हणाली. मी या वेळी घाई केली नाही. पुरतं थांबले. तिला सापडतंय का ते पाहिलं. मग म्हटलं, मी. अपूर्वानं.

ती हसली. सापडलेल्या शब्दाचं हसू. उठून गेली. वेतावर ओल राहिली आहे.

१०.२०

स्वप्नालीचा फोन. हिंदीत रडत होती. ढसाढसा, लहान मुलीसारखी. मैं गेट पे थी, ताई. मैंने बस हाथ किया था, रुको. वो नहीं रुकी. मैंने फोन क्यों नहीं रखा. मी एक शब्दही बोलले नाही. ती बोलत राहिली, अडखळत, थांबत, पुन्हा बोलत, आणि सगळं तिचं तिनं पुरं केलं. मराठीत न रडताही अक्काला कळलं असेल का, तिनं विचारलं. मी तेव्हाही गप्प राहिले. थोड्या वेळानं तिचं तीच म्हणाली, “कळलं असेल.”

ठाण्यात जात नाही म्हणाली. घरी जाते आहे. यशराज पोहे आणायला गेलाय.

मग आवाज बदलून तिनं विचारलं, “ताई, उस दिन आप हमारे घर आई थीं ना?”

१०.४५

त्यांचं घर मी पाहिलेलं नाही. कधीच गेले नाही. मी तर मार्चमध्ये—

फाटक हिरवं आहे. डावीकडे हातपंप. जिना सिमेंटचा, अकरा पायऱ्या, कठडा उजवीकडे

१०.५५

मार्चमध्ये आले मी. तीन तारखेला. रोजनिशीत लिहिलंय. पान उघडलं, अक्षर माझंच, पण तारीख फेब्रु—

११

ऊन आहे. मुलगी फाटकापाशी फोनवर. तिनं हात वर केला, थांब. कुणी थांबलं नाही. म्हातारी चढते आहे, चपला ओल्या, परात जड. मी तिच्या मागे. सातवी. आठवी. मला हात मागे घ्यायचा आहे, मला फक्त परात धरायची आहे, अक्का, मी तुम्हाला धरायलाच

नववी

ती वळली. माझ्याकडे बघते आहे. मला सांगायचंय की मी— मला एवढंच म्हणायचंय की

तोंड उघडं आहे आणि शब्द

ती थांबत नाही. माझ्यासाठी शब्द शोधते आहे, किती मायेनं, आता देईल, म्हणते आहे—